विजयदुर्ग, १७५६: तुळाजी आंग्र्यांचे आरमार एका दुपारीत कसे संपले?

प्रश्न (खानापूर तालुका)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत इतिहास शिकवतो. यंदाची सहल आंबोली घाटाने उतरून विजयदुर्गास न्यायची आहे, आणि तत्पूर्वी १२ फेब्रुवारी १७५६ च्या लढाईची नीट ओळख मुलांना करून द्यावी, असा विचार आहे. आपल्या भागात हा विषय निघाला की चर्चा हटकून एकाच ठिकाणी येऊन थांबते: नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले आणि मराठ्यांचेच आरमार जाळून घेतले. पेशवे आणि इंग्रज यांच्यातला मार्च १७५५ चा तह कोणी नाकारू शकत नाही. तथापि तहावर सही झाली म्हणून जहाजे जळत नाहीत. १७२० साली इंग्रज आणि १७२४ साली डच याच किल्ल्यापुढून हात हलवत परतले होते. या आरमाराचे प्रमुख खुद्द तुळाजी आंग्रे यांनी १७५४ मध्ये तीन डच जहाजांचा ताफा गारद केला होता. मग दोनच वर्षांत असे काय बदलले?

उत्तर १ (निपाणी)

सर, डचांवरील विजय आणि विजयदुर्गाचा पराभव या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने समजतात, ते म्हणजे गुराब या आंग्र्यांच्या लढाऊ जहाजाची बांधणी. गुराब उथळ तळाची असे, तिची नाळ (पुढचे टोक) निमुळती होत गेलेली असे आणि सर्वांत जड तोफा त्या नाळेतून समोर मारा करण्यासाठी ठेवलेल्या असत. सोबतची गलबते शिडांबरोबरच वल्ह्यांवरही चालत, त्यामुळे वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी खिळून राही आणि आंग्र्यांचे खलाशी वल्ही मारत त्याच्या पिछाडीस येऊन भिडत, जिथे त्या जहाजाच्या फारच थोड्या तोफा वळू शकत. डोलकाठ्या आणि शिडे मोडून काढायची, जहाज पांगळे करायचे आणि मग माणसे चढवायची, हा त्यांचा शिरस्ता होता. उघड्या समुद्रात, मोकळेपणाने हालचाल करता येत असताना हा डाव अत्यंत प्रभावी होता.

विजयदुर्गास मात्र हे आरमार समुद्रात नव्हतेच. ते किल्ल्याच्या आडोशाला, खाडीच्या मुखात, दोरखंडांनी एकमेकांशी जखडून उभे केलेले होते. ज्या नौकेचे सगळे बळ तिच्या चपळाईत, ती बांधून ठेवली म्हणजे उरते काय? डांबर चोपडलेली लाकडे, शिडाचे कापड, काथ्याचे दोर आणि पोटात दारूगोळा. इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या ताफ्यात पन्नास ते सत्तर तोफांची चार लढाऊ जहाजे होती आणि त्यांच्या आडून मारा करणारी, उखळी तोफा बसवलेली जहाजेही होती. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर ही जहाजे आत शिरली. त्यांच्या दोन रांगा केलेल्या होत्या: एक किल्ल्यावर मारा करण्यासाठी आणि दुसरी आरमारावर. चारच्या पुढे एक स्फोटक गोळा ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडला आणि ते पेटले. दुर्दैव असे की हे जहाज मुळात ईस्ट इंडिया कंपनीचेच होते; १७४९ मध्ये तुळाजींनी ते जिंकून आणले होते. त्यावरची आग शेजारच्या गुराबेवर गेली, तिथून पुढच्या, आणि संध्याकाळपर्यंत तांडाच उरला नाही. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला.

उत्तर २ (शहापूर, बेळगाव)

निपाणीच्या सदस्यांनी आगीचे वर्णन उत्तम केले आहे, परंतु माझ्या मते लढाईचा निकाल आगीने लागला नाही. तो त्याआधीच्या डिसेंबरात लागला होता.

एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर विल्यम जेम्स, मुख्य मोहिमेपूर्वी विजयदुर्गाची टेहळणी करण्यासाठी पाठवला गेला होता. किल्ला अभेद्य आहे आणि मोठी जहाजे त्याच्या जवळ जाऊच शकत नाहीत, हा समज तोवर मुंबईत इतका पक्का होता की तिथे जाऊन कोणी पाणी मोजण्याच्या फंदात पडले नव्हते. जेम्सने ते मोजले. जड जहाजे तटाच्या तोफमाऱ्याच्या पल्ल्यापर्यंत नेता येतील एवढी खोली तिथे आहे आणि किल्ल्याचा दरारा त्याच्या बळापेक्षा मोठा आहे, असा अहवाल त्याने आणला. मुलांना सांगायचे झाल्यास मी हेच सांगेन: शिसाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडणाऱ्या खलाशाने सत्तर तोफांच्या जहाजाइतकेच काम केले.

एक शंका मात्र माझ्या मनात कायम राहिली आहे. किल्ल्यालगतची वाघोटणची खाडी आत दूरवर जाते, गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी होती, आणि वॉटसनची जहाजे त्या उथळ पाण्यात कधीच येऊ शकली नसती. गुराबा वर नेऊन ठेवल्या असत्या तर? पण हा निर्णय घ्यायला किल्ल्यात सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होतेच कुठे! तुळाजी वाटाघाटींसाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते आणि तिथेच अडकले.

उत्तर ३ (कारवार)

प्रश्नकर्त्यांनी पेशव्यांचा विषय बाजूला ठेवला आहे, पण तो तसा ठेवता येणार नाही, कारण तुळाजी छावणीत का होते, याचे उत्तर तिथेच आहे. जमिनीकडून पेशव्यांचे सरदार रामाजी महादेव यांच्या फौजेचा वेढा आणि समुद्राकडून इंग्रज, अशा कात्रीत सापडलेला माणूस निदान स्वकीयांशी बोलून पाहील. ते बोलणे इंग्रजांना नको होते. मोहीम निघण्यापूर्वी मुंबईतच लुटीची वाटणी इंग्रज अधिकाऱ्यांनी आपसांत ठरवली होती आणि तीत मराठ्यांचा वाटा धरलेला नव्हता. म्हणून बारा तारखेच्या रात्री इंग्रजांच्या पायदळाचा सेनानी क्लाइव्ह याने सैन्य उतरवून किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधली जागा धरली. शत्रूने नव्हे, मित्राने आधी आत शिरू नये यासाठी ही धडपड होती! किल्ला पेशव्यांच्या हाती यायला ऑक्टोबरचा पुणे तह उजाडावा लागला, आणि बाणकोटचा किल्ला इंग्रजांकडे राहिला तो राहिलाच.

तरीही ‘मराठ्यांचे आरमार १७५६ मध्ये संपले’ हे वाक्य फळ्यावर लिहू नये. संपले ते आंग्र्यांचे विजयदुर्गाचे आरमार. त्याच बंदरात पुढे पेशव्यांचे आरमार उभे राहिले, आणि ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांनी ‘रेंजर’सह कंपनीची जहाजे रत्नागिरीच्या समुद्रात पकडून तिथेच आणली. मात्र तुळाजींच्या काळात दर्यावर्दी स्वतः ठरवत असे की कोणाशी लढायचे. धुळपांच्या काळात ते पुण्याहून ठरत असे. १७५६ चा खरा परिणाम मला यात दिसतो.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. जेम्सच्या टेहळणीचा भाग मला सर्वस्वी नवा होता. मुलांना आधी तटावर न नेता खाडीच्या काठी उभे करीन आणि जहाजे कुठे बांधली असती, हे त्यांनाच विचारीन. गिर्येच्या गोदीपाशी ओहोटीच्या वेळी पोहोचणे सोयीचे पडते का, हे कोणी अलीकडे जाऊन आले असल्यास कळवावे.