डिंक ‘मारायचा’ का ‘टाकायचा’?

नवखा_खेळाडू: आमच्या सोसायटीत बॅडमिंटनच्या कोर्टवरच पट्टे आखून पिकलबॉल (पॅडलने प्लास्टिकचा बॉल नेटपलीकडे मारायचा खेळ) सुरू झालंय, कोच दिवसभर डिंक डिंक करतात, घरी सांगितलं तर आई म्हणे लाडवात घालतात तोच का. नेमका अर्थ काय याचा?

पट्टेवाला: लाडवाचा नाही हो :) नेटपाशी उभं राहून बॉल अलगद असा पलीकडे सोडायचा की त्याचा टप्पा समोरच्याच्या किचनमध्ये पडेल, तो डिंक. किचन म्हणजे नेटला लागून दोन्ही बाजूंचा ७-७ फुटांचा पट्टा, नियमातलं नाव नॉन-व्हॉली झोन. तिथे उभं राहून बॉल हवेतल्या हवेत, म्हणजे व्हॉली, मारता येत नाही, रेषेवर पाय पडला तरी आतच धरतात. मग तिथे पडलेला बुटका बॉल समोरच्याला खालून वरच उचलावा लागतो, हाणता येत नाही, सगळी गंमत त्यातच आहे.

आजीचा_नातू: म्हणजे सोवळ्यातलं स्वयंपाकघर!

पट्टेवाला: सोवळं फक्त व्हॉलीपुरतं. टप्पा पडला की खुशाल आत जा, खेळा, बाहेर या. नवीन लोक उगाच घाबरून रेषेबाहेरूनच वाकत बसतात.

सुमती_ताई: मला खटकतं ते क्रियापद. सगळे ‘डिंक मार’ म्हणतात आणि ऐकणारा खरंच मारतो, मनगट झटकतो, बॉल वर तरंगतो आणि पलीकडून सणसणीत परत येतो. मी नव्यांना ‘टाक’ म्हणते. पकड सैल, गुडघे वाकलेले, बॉल अंगासमोर घ्यायचा, पॅडल मागे ओढायचंच नाही, खांद्यातून हात हळूच पुढे न्यायचा बस्स. आणि सुरुवातीला तिरकाच टाकावा, नेट कडेला ३६ इंच असतं, मध्ये, जिथून तिरका बॉल जातो तिथे, ३४, शिवाय तिरक्यात जागाही जास्त मिळते.

नवखा_खेळाडू: मग ताई, ड्रॉप आणि डिंक एकच ना?

सुमती_ताई: पडतात दोन्ही किचनमध्येच, पण डिंक जवळून आणि ड्रॉप मागून, बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपासून. सर्व्हिस आणि रिटर्न दोन्हीचा टप्पा पडू द्यावाच लागतो त्यामुळे सर्व्हिसवाली जोडी मागेच अडकते, म्हणून तिसरा शॉट ड्रॉप टाकायचा आणि तो पडेस्तोवर पुढे यायचं. बॅडमिंटनवाल्यांची इथे हमखास गल्लत होते, त्यांचा ड्रॉप वरून खाली येतो, आपला खालून कमान करून जातो.

आजीचा_नातू: आणि रीसेटला काय म्हणता?

पट्टेवाला: रीसेटच. जोरात आलेला बॉल सैल पॅडलवर घेऊन त्याचा वेग मारायचा आणि किचनमध्ये पाडायचा. आमच्याकडचे एक काका मात्र बाहेरून ‘जिरव, अरे जिरव!’ ओरडतात, नवीन माणसाला कळेना कोणाची जिरवायची ते.

सुमती_ताई: काकांचा शब्द घेतला मी. उद्यापासून जिरवणं.