गूस फेल झाल्यावर शेवटची व्हॅल्यू धरायची का?

बे_नंबर_सात:
आयईसी ६१८५० या नेटवर्क स्टँडर्डवर चालणाऱ्या सबस्टेशनमध्ये एका रिलेकडचं (फॉल्ट ओळखून ब्रेकर उडवणारं उपकरण) स्टेटस दुसऱ्या रिलेला गूस मेसेजने, म्हणजे नेटवर्कवरच्या झटपट संदेशाने, जातं, ब्रेकर, अर्थ स्विच (बंद केलेला भाग जमिनीला जोडणारा), ब्लॉकिंग (दुसऱ्या रिलेला थांबवणारा सिग्नल), सगळंच. पाठवणारा पोच मागत नाही, नुसता ओरडत राहतो. काही बदललं की काही मिलिसेकंदांच्या अंतराने धडाधड, मग अंतर वाढत वाढत सेकंदाला एकदा वगैरे. प्रत्येक मेसेजमध्ये तो किती वेळ खरा धरायचा तेही लिहिलेलं असतं, तेवढ्यात पुढचा आला नाही की घेणाऱ्याने समजायचं संपर्क तुटला. मग त्या इनपुटचं करायचं काय? बऱ्याच टूलमध्ये तिथे एक साधा पर्याय असतो: शेवटची व्हॅल्यू, शून्य किंवा एक. आणि लोक डोळे मिटून शेवटची व्हॅल्यू टाकतात, कारण कमिशनिंगला कटकट कमी.

इंटरलॉकमध्ये (चुकीचं स्विचिंग अडवणारं लॉजिक) असं करणं म्हणजे गुन्हा आहे असं माझं स्पष्ट मत. एका साइटवर नेटवर्क स्विच अपडेटसाठी बंद केला होता, तेवढ्यात बसचा (सगळे फीडर जिथे जोडतात ती पट्टी) अर्थ स्विच जागेवर जाऊन हाताने लावला. फीडरच्या (बसला जोडलेल्या लाइनच्या) रिलेला मात्र तो अजून उघडाच दिसत होता, बस आयसोलेटर (फीडर बसला जोडणारा स्विच) लावायची परवानगी हिरवी. परमिट (कामाची लेखी परवानगी) होतं म्हणून कुणी आयसोलेटरला हात लावला नाही, नाहीतर अर्थ केलेल्या बसवर चालू फीडर जोडला असता. संपर्क गेला की ब्लॉक, विषय संपला.

जुना_वायरवाला:
म्हणूनच मी म्हणतो इंटरलॉक आणि ट्रिप तांब्याच्या तारेनेच न्या. दोन टर्मिनल, एक मल्टिमीटर, रात्री दोन वाजता पण फॉल्ट सापडतो. तुमच्या त्या एससीडी फाइलचं (अख्ख्या सबस्टेशनचं कॉन्फिगरेशन असलेली) शेवटचं व्हर्जन कुणाच्या लॅपटॉपवर आहे हेच निम्म्या वेळा कळत नाही.

पॅकेट_मास्तर:
काका, फाइलचं बोललात ते खरंय, पण तार तुटली तर तुम्हाला कळतं कधी? नॉर्मली ओपन कॉन्टॅक्टची तार ढिली झाली की इनपुट शून्य, आणि शून्य म्हणजे "सगळं ठीक". पुढच्या टेस्टिंगपर्यंत किंवा पुढच्या फॉल्टपर्यंत पत्ता नाही. गूस गेला की दोन-तीन सेकंदात अलार्म. शिवाय ब्रेकरचं स्टेटस दोन बिटमध्ये पाठवा, एक चालूचं एक बंदचं, म्हणजे दोन्ही शून्य किंवा दोन्ही एक आले तरी गडबड कळते (हे तारेनेही करता येतं, मान्य, पण किती जण करतात?).

आणि सातभाऊ, नुसती व्हॅल्यू नका घेऊ, सोबत क्वालिटी (व्हॅल्यू खरी, खराब की टेस्टची हे सांगणारे बिट) पण लॉजिकमध्ये ओढा. एकाने रिले टेस्ट मोडमध्ये टाकून ब्रेकर फेल्युअरचा (माझा ब्रेकर उघडला नाही, शेजारचे उघडा असा) सिग्नल सोडला होता, घेणाऱ्याच्या लॉजिकमध्ये टेस्ट बिट बघितलाच नव्हता, शेजारचे ब्रेकर खरोखर उडाले. संपर्क तेव्हा अगदी ठणठणीत होता बरं का.

ट्रिप_ताई:
"संपर्क गेला की ब्लॉक" हे सगळीकडे लावलंत तर फसाल. रिव्हर्स ब्लॉकिंग घ्या. फीडरच्या रिलेला फॉल्ट दिसला की तो इनकमरला (बसला पुरवठा देणाऱ्या ब्रेकरच्या रिलेला) सांगतो थांब, माझ्याकडे आहे. इनकमर थोडं थांबतो, ब्लॉक आला नाही तर फॉल्ट बसवर आहे असं धरून फास्ट ट्रिप. आता गूस मेला आणि तुम्ही इनपुट शून्य केलंत तर साध्या फीडर फॉल्टला अख्खी बस जाते, एक केलंत तर बस फॉल्टला फास्ट ट्रिपच नाही, नेहमीच्या टाइम डिलेने सुटेल आणि तोवर पॅनलमध्ये आर्क. यातलं काय परवडतं ते प्रोटेक्शनवाल्याने सेटिंग शीटमध्ये लिहून द्यायचं असतं. ते काम कॉन्फिगरेशन करणाऱ्या पोरावर ढकललेलं असतं हा खरा रोग.

बे_नंबर_सात:
ताई, मी इंटरलॉकपुरतंच बोललो होतो, पण बरं. रिव्हर्स ब्लॉकिंगमध्ये मी शून्य ठेवून बस उडवीन. अंधार झालेला चालेल, जळलेल्या पॅनलच्या जागी नवा महिनोन्महिने मिळत नाही.

ट्रिप_ताई:
आणि त्या बसवर हॉस्पिटलचा फीडर असेल तर? मी एक ठेवून टाइम डिलेवर जाईन, पण अलार्म लगेच कंट्रोल रूमला, आणि आर्क सेन्सर (आर्कचा उजेड पकडून लगेच ट्रिप देणारे) असतील तरच. नसतील तर तुमच्या बाजूने.

जुना_वायरवाला:
अलार्म म्हणे! एका ठिकाणी एका रिलेत डेटासेटमध्ये (मेसेजमधून जाणाऱ्या सिग्नलची यादी) एक सिग्नल वाढवला, कॉन्फिगरेशन रिव्हिजन नंबर बदलला, घेणाऱ्या रिलेत जुनाच राहिला, त्याने मेसेज घेणंच सोडून दिलं. गूस फेलचा अलार्म उभा होता की, पण इव्हेंट लिस्टमध्ये दार उघडं नि एसी बंद यांच्यामध्ये कुठेतरी. सात आठवडे कुणी बघितलं नाही.