दीडशे लॅपटॉप आणि एक एक्सेल शीट: आयटी ॲसेट ट्रॅकिंगसाठी काय घ्यावं?

हेल्पडेस्क_दोघे
साधारण १५० लॅपटॉप, ४० मॉनिटर, १२ स्विच, ६ प्रिंटर. तिसरा हिस्सा लोक घरून काम करतात, आयटीला आम्ही दोघंच. सगळी नोंद एक्सेलमध्ये आहे, पण कुठला लॅपटॉप कोणाकडे आहे हे तिच्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा नोंदींसाठीच्या सॉफ्टवेअरपैकी स्नाइप-आयटी घ्यावं की जीएलपीआय?

रॅकवाला
दोघांची कामं वेगळी आहेत. स्नाइप-आयटी ही नोंदवही: वस्तू कोणाला दिली, कधी परत आली, वॉरंटी कधी संपते. नेटवर्कवर ते स्वतः काही शोधत नाही. जीएलपीआयचा एजंट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लॅपटॉपवर बसतो आणि रॅम, डिस्क, इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर सर्व्हरला कळवतो; १०व्या आवृत्तीपासून त्यासाठी वेगळं प्लगइन लागत नाही. पण लॅपटॉप कपाटात बंद असेल तर एजंटही गप्प.

तुमची अडचण ‘कोणाकडे आहे’ ही आहे, म्हणून आधी स्नाइप-आयटी. सर्व्हरवर टाकताना वेब रूट (ब्राउझरला उघडा असणारा फोल्डर) म्हणून ‘पब्लिक’ फोल्डरच द्या, नाहीतर पासवर्ड असलेली एन्व्ह (.env) ही सेटिंगची फाइल बाहेरून उघडी पडते. बॅकअपमध्ये डेटाबेस आणि अपलोडसोबत ती एन्व्ह फाइलही घ्या. तिच्यातली ॲप-की (माहिती कुलूपबंद करायची किल्ली) हरवली तर एन्क्रिप्ट केलेली कस्टम फील्ड, म्हणजे आपण स्वतः जोडलेले रकाने, पुन्हा वाचता येत नाहीत, डेटाबेस कितीही शाबूत असला तरी.

माउस-कीबोर्डला एकेक टॅग (क्रमांकाचं लेबल) लावत बसू नका, ॲक्सेसरीमध्ये नुसती संख्या टाका. भंगारात गेलेला लॅपटॉप डिलीट न करता ‘आर्काइव्ह’ स्टेटसला ठेवा. ऑडिटवाले नेमकं तेच विचारतात.

सीएसव्ही_त्रस्त
खरी माती एक्सेलमधली नोंद नव्या सिस्टीममध्ये आयात करताना होते. एक्सेलला १२३४E५ सारखा सिरियल नंबर दिसला की तो त्याचा घातांकातला आकडा करून टाकतो, आणि ००४७१ चे पुढचे शून्य खातो. फोनचे १५ अंकी आयएमईआय (ओळख क्रमांक) तर सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाइल, सेव्ह करताना छोटे होऊन बसतात, मागचे अंक गायब. रिकाम्या शीटमध्ये तो कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच भरा. नंतर फॉरमॅट बदलून गेलेले अंक परत येत नाहीत. सगळं एकदम चढवण्याआधी दहा ओळींची चाचणी घ्या.

जुन्या शीटवर विसंबू नका. सिरियल नंबर बायोसमधून (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्राममधून) घ्या, लॅपटॉपखालचं स्टिकर झिजलेलं असतं. टॅगचं लेबल पॉलिएस्टरचं, आणि निघणाऱ्या झाकणावर किंवा बॅटरीवर नको.

एजंटप्रेमी
थोडं वेगळं मत. दोन माणसांत दोन सिस्टीम सांभाळणं जड जातं. जीएलपीआयमध्ये मशीन युझरला जोडता येतं, तिकिटंही (लोकांच्या तक्रारींची नोंद) तिथेच. स्विच-प्रिंटर एसएनएमपीने, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांना माहिती विचारायच्या पद्धतीने, येतात.

मात्र डुप्लिकेट नोंदींवर लक्ष ठेवा. असेंबल केलेल्या पीसीत सिरियलच्या जागी ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ असतं, आणि एकच यूएसबी-लॅन डोंगल चार लॅपटॉपवर फिरलं की मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) सगळ्यांचा सारखा. अशा मूल्यांना ओळख म्हणून धरू नये असा नियम आधी लावा, एजंट नंतर पसरवा.

हेल्पडेस्क_दोघे
घरून काम करणाऱ्यांचं काय? ते व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कची सुरक्षित जोडणी) क्वचितच लावतात.

एजंटप्रेमी
एजंट स्वतःच बाहेर जोडणी करतो, त्यामुळे सर्व्हर एचटीटीपीएसवर बाहेरून दिसला की पुरे. पण जीएलपीआयचं लॉगिन पान जगाला दाखवू नका. रिव्हर्स प्रॉक्सीवर (सर्व्हरच्या पुढे बसून येणाऱ्या जोडण्या गाळणाऱ्या सर्व्हरवर) फक्त इन्व्हेंटरीचा, म्हणजे एजंट माहिती पाठवतो तो, पत्ता खुला ठेवा.

रॅकवाला
आणि टूल कुठलंही घ्या, एचआरची चेकलिस्ट बदलून घ्या. लॅपटॉप ‘चेक-इन’ (परत जमा) झाल्याशिवाय नोकरी सोडणाऱ्याचा फुल अँड फायनल हिशेब पुढे सरकायला नको. माणूस गेला की त्याचं खातं बंद करा, पण त्याच्या नावावरची वस्तू परत येईपर्यंत ते डिलीट करू नका. नावच उरलं नाही तर मागायचं कोणाकडे?