साध्या ब्लेझरला रुंद खांदे आणि टिकल्यांचा स्कर्ट: आहे त्या कपड्यांत किती जमेल?

राखाडी_मांजर:
कपाटात सगळं बेज, उंटी, राखाडी. २०२३च्या ‘क्वाएट लक्झरी’च्या (साधे, महाग दिसणारे, बिनचमकीचे कपडे) लाटेत जमवलेलं. आता पुन्हा रुंद खांदे, चमक, मखमल सुरू झालंय आणि सगळं काढून टाकायची इच्छा नाही. दोन नेमके प्रश्न:
१) लोकरी ब्लेझर, अर्धं अस्तर, पॅड नाहीत. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर येते, तिथे चिमटीत १ सेंमी कापड उचललं जातं. शोल्डर पॅड बसतील का?
२) टिकल्यांच्या कापडाचा सरळ स्कर्ट घरच्या मशीनवर होईल का? सुया तुटतात म्हणे.

टाकाटीप:
पॅड बसतील, पण किती जाड ते ब्लेझर ठरवतो. चिमटीत १ सेंमी येतं ना, मग पॅडची जाड कड १ सेंमीची, त्याहून एक मिलिमीटर जास्त नको. २ सेंमीचा घातलात तर अख्खा ब्लेझर वर उचलला जाईल, बटणाखाली पुढचे भाग फाकतील, कॉलर मानेपासून सुटेल. रुंद खांद्यासाठी कापड कापतानाच खांद्याचं टोक पॅडच्या जाडीच्या हिशेबाने वर घ्यावं लागतं आणि बाहीची गोलाई त्याला जुळवून उंच करावी लागते. शिवून झालेल्या कपड्यात ती सोय नाही.

मुंढ्याजवळ (बाही जोडलेली असते तिथे) अस्तर साधारण १० सेंमी उसवा. पॅडची जाड, सरळ कड मुंढ्याच्या शिवणीपलीकडे १ सेंमी बाहीत जाऊ द्या आणि पॅड पुढच्यापेक्षा पाठीकडे किंचित जास्त सरकवा. टाचण्या लावून, ब्लेझर घालून, बटण लावून आरशात बघा, तेही बाजूने. मग खांद्याच्या आणि मुंढ्याच्या शिवणीच्या मायेला (शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडाला) हाताने सैल टाके. दोरा ओढलात की बाहेरून खळी पडते आणि ती इस्त्रीने जात नाही.

हे सगळं नेहमीच्या लावलेल्या बाहीसाठी. रॅगलन बाहीला (गळ्यापासून तिरकी शिवलेली) गोल टोकाचे वेगळे पॅड येतात.

उरेप:
वरचं सगळं बरोबर, फक्त १ सेंमीच्या पॅडने ब्लेझर नीटनेटका दिसेल, झगमगाटी नाही. १९८०च्या दशकात म्यूग्लर नि मोंताना या फॅशन डिझायनरांच्या कपड्यांचे खांदे अवाढव्य होते, पण डोळ्यांत भरायचे ते खाली कंबर आवळलेली असायची म्हणून. खांदा रुंद आणि खाली सगळं सरळसोट असलं की माणूस कपाटासारखा दिसतो. (तसाही एक लुक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये डिझायनर व्हाकारेलोने सां लोराँ या फॅशन हाऊसच्या शोची सुरुवात रुंद खांद्यांच्या सैल, पुरुषी सुटांनी केली. पण ते कपडे तसेच बेतलेले होते, नंतर पॅड कोंबलेले नव्हेत.)

म्हणून पॅडसोबत कंबरही घ्या. दोन्ही बाजूच्या शिवणी कमरेपाशी १-१ सेंमी आत घेतल्या की घेर ४ सेंमीने कमी होतो. टीप मुंढ्याखाली ८ सेंमीवर सुरू करून हळूहळू आत न्या आणि नितंबाच्या वर शून्यावर आणा. याहून जास्त घेतलंत तर खिसे मागे ओढले जातात. आधी कच्चा टाका घालून, बसून-उठून बघा.

टिकली_कारागीर:
सुया तुटतात त्या टिकल्यांमुळे. म्हणून शिवणीच्या रेषेत टिकली ठेवायचीच नाही.

कापायच्या आधी कापडावरून हात फिरवा: वरून खाली जाताना गुळगुळीत लागलं पाहिजे. सगळे भाग त्याच दिशेने, एकेरी पदरात, उलट्या बाजूने आखून कापा. कात्री जुनी घ्या आणि चष्मा लावा, तुकडे उडतात. माया १.५ सेंमी.

मग मायेतली प्रत्येक टिकली कात्रीने चिरून काढा, दोरा न कापता. बऱ्याच कापडांत टिकल्या साखळीटाक्याने लावलेल्या असतात, दोरा तुटला की अख्खी ओळ घरंगळते. सुटलेली टोकं मागे गाठ मारून ठेवा. सुई ९० नंबरची, टाका ३ मिमी, चाल हळू. टीप झाल्यावर शिवणीपाशी उघडी पट्टी दिसली तर काढलेल्यांपैकी चांगल्या टिकल्या हाताने तिथे शिवून लावा. याच कामाला सर्वात जास्त वेळ लागतो.

इस्त्री लावू नका. प्लास्टिकची टिकली उष्णतेने मुरडते आणि काळवंडते. माया बोटाने दाबून हाताने टाचा. अस्तर हवंच, नाहीतर बसताना मांड्या खरवडतात. कमरेला न ताणणारी सुती पट्टी घाला, कारण हे कापड वजनाने खाली ओढतं. स्कर्ट हँगरला न लटकवता सपाट, आत मलमल घालून ठेवा.

राखाडी_मांजर:
कळलं. टिकल्यांऐवजी लॅमे (धातूसारखं चमकणारं कापड) घेतलं तर सोपं जाईल?

टिकली_कारागीर:
शिवायला सोपं, चुकायला महाग. लॅमेत टाचणीचं भोकही राहतं, त्यामुळे उसवण्याची सोय नाही. टाचण्या फक्त मायेत लावा. सुई ७०, नवी आणि टोकदार. कडा फार सुटतात म्हणून पाठीला हलकं फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं पातळ कापड), पण आधी तुकड्यावर करून बघा. इस्त्री कमी उष्णतेवर, वर कापड टाकून, वाफेशिवाय. सरळ स्कर्टचं माप आधी साध्या सुती कापडावर पक्कं करा आणि मगच लॅमेला कात्री लावा.