मदत हवी आहे : डिचोलीतल्या मुलीला प्रोग्रामिंगसाठी मार्गदर्शक

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारची मुलगी यंदा बारावी झाली. 2018 साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक दारात उभा राहिला तो राहिलाच. आई काजूच्या कारखान्यात जाते. पोर मात्र जिद्दीची. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आईच्या मोबाइलवर बघते, पायथनचा कोड वहीत पेन्सिलीने लिहून ठेवते आणि शनिवारी माझ्या संगणकावर चालवून बघते. परवा दुकानाच्या उधारीचा हिशेब करणारा प्रोग्राम अडला होता. फॉर लूपखालची ओळ चार स्पेस आत हवी होती, हे तिनेच शोधलं. केवढा आनंद झाला तिला!

मी वाणिज्य शिकवते, यापुढचं मला जमत नाही. आयटीत काम करणारं कुणी आठवड्यातून तासभर तिचा कोड बघेल का? ऑनलाइन चालेल, पण रात्री आठनंतर. दिवसा मोबाइल आईबरोबर जातो. कोंकणी-मराठीत बोललात तर बरं, इंग्रजीत प्रश्न विचारायला ती बुजते.

जुना लॅपटॉप मिळाला तर उत्तमच, 4 जीबी रॅमचाही चालेल. पण आधी माणूस हवाय. आणि तिने बीसीए करावं की डिप्लोमा? घरची परिस्थिती लक्षात घेऊन सांगा.