'साइज'ला आकार म्हणावं का? (सी भाषेतले चार आणि इंट)

शंकेखोर: डिप्लोमाच्या मुलांसाठी सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची मराठीतून टिपणं लिहितेय. एका वाक्यावर अडलंय. "अक्षर हा पूर्णांकाचाच एक प्रकार असून त्याचा आकार नेहमी एक असतो." भाचा हसत सुटला. "मावशी, आकार गोल असतो, चौकोनी असतो. एक कसा असेल?" 'आकारमान' लिहावं तर मुलांना घनफळ आठवणार. काय करू?

जुना टर्बोवाला: सरळ 'साइज' लिहा. दुकानात शर्टाचं आकारमान विचारता का? आणि तो 'अक्षर' पण काढा. आमचे सर कॅरेक्टरच्या 'char'ला 'चार' म्हणायचे आणि पूर्णांकाच्या 'int'ला 'इंट'. "चार एक बाइटचा, इंट दोन बाइटचा." पहिल्या दिवशी मी वहीत '४ = १ बाइट' असं लिहून आलो होतो.

घासाघीस: इंट दोन? चार ना? म्हणजे ४.

जुना टर्बोवाला: टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये दोनच. ३२७६७ च्या पुढे पाऊल टाकलं की खड्ड्यात. प्रॅक्टिकलला माझं आठचं फॅक्टोरियल उणे २५२१६ आलं होतं. परीक्षकांनी ते बरोबर धरलं, हे वेगळं.

पायलीपंधरा: दोन, चार कुठलंच पक्कं नाही. सीच्या प्रमाणाने (स्टँडर्डने) फक्त तळ ठरवलाय: इंट निदान १६ बिट, लाँग (मोठा पूर्णांक) निदान ३२. म्हणून ६४ बिटांच्या विंडोजवर लाँग ४ बाइटचा आणि लिनक्सवर ८ चा. चार मात्र नेहमी एक, कारण मोजायचं माप तोच. शेरात किती शेर असं विचारलं तर एकच येणार! पण शेर गावोगाव वेगळा असायचा, तसंच इथे. काही सिग्नल प्रोसेसर चिपांवर चारच १६ बिटांचा असतो, तरी साइज एकच. ताई, 'माप' लिहा.

बोरूबहाद्दर: 'अक्षर' काढू नका हो! अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते. आणि इंटिजर लॅटिनमध्ये 'ज्याला हात लागलेला नाही' असं, म्हणजे अखंड. दोघे सख्खे भाऊ आहेत. सी करणाऱ्यांना कळलं नसेल, पण आपल्याला कळायला हवं.

घासाघीस: भाऊ असतील, पण घरात मावत नाहीत. 'क' ला यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट लागतात, 'क्षी' ला १२. ज्या चारमध्ये एक मराठी अक्षर बसत नाही त्याला अक्षर कसलं म्हणता?

बोरूबहाद्दर: मग दोष यंत्राचा, शब्दाचा नाही.

शंकेखोर: 'माप' आवडलं. पण "पूर्णांकाचं माप" म्हटलं तर मुलं त्याची किंमत समजतील का?

बोरूबहाद्दर: ते राहू दे. शॉर्ट आणि लाँगला काय लिहिलंत? लघु आणि गुरू लिहा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तुमच्या टर्बोत शॉर्ट २, लाँग ४. छंदशास्त्र तंतोतंत जुळलं!

पायलीपंधरा: आणि लिनक्सवर गुरू चार मात्रांचा. असं वृत्त दाखवा.

जुना टर्बोवाला: त्यापेक्षा ह्रस्व-दीर्घ बरं. तेवढं तरी सगळ्यांना ठाऊक असतं.

बोरूबहाद्दर: 'ऱ्हस्व'. मराठीत ऱ आधी येतो.

जुना टर्बोवाला: संस्कृत शब्द आहे, ह आधी. तुम्हीच अक्षराची व्युत्पत्ती सांगत होतात ना?

बोरूबहाद्दर: व्युत्पत्ती संस्कृत, लेखन मराठी. 'ह्रस्व' असं बोलून दाखवा एकदा.

घासाघीस: दोन्ही शब्द स्ट्रलेनला (मजकुराचे बाइट मोजणाऱ्या सीच्या फंक्शनला) घालून बघितले. १८ आणि १८. यंत्राला फरक नाही.

पायलीपंधरा: माझ्याकडे 'ऱ्हस्व'चे २१ आले.

घासाघीस: साधा र काढून खाली वेगळा नुक्ता (टिंब) दिला असणार. ३ बाइट जास्तीचे.

बोरूबहाद्दर: मराठीत नुक्ता?