मदत हवी आहे: पुराचं पाणी येणाऱ्या घरात स्वयंपाकघराचे कप्पे कसे आखावेत? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला आहे. स्वयंपाकघर तळमजल्यावर, वर एक खोली आणि तिच्यावर माळा. दिवाळीनंतर खालची सगळी फरशी बदलायचं काम काढलंय, त्यातच ओटाही नव्यानं करायचा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण आमची अडचण नेहमीच्या नकाशात बसत नाही.

२०१७ मध्ये आम्ही सासऱ्यांच्या वेळचा कडाप्प्याचा ओटा अर्धा तोडून ट्रॉल्या बसवल्या. पैसे पुरले नाहीत म्हणून उरलेला अर्धा तसाच राहिला. ऑगस्ट २०१९ ला पाणी ओट्याच्या वर चार बोटं चढलं. परत आलो तेव्हा ट्रॉल्यांच्या बाजूचं पार्टिकल बोर्ड चहात बुडवलेल्या खारीसारखं फुगून सुटलं होतं. ट्रॉल्या ज्यावर सरकतात त्या चॅनेलच्या गोळ्यांत गाळ बसून गंज धरलेला, दारं उघडेनात. शेजारचे कडाप्प्याचे खण मात्र पाइप लावून धुतले, खराट्यानं घासले आणि त्याच आठवड्यात तिथं भांडी लागली. जुलै २०२१ ला पाणी गुडघाभर होतं, तेव्हाही खणांना काही झालं नाही. ट्रॉल्यांच्या जागी आता लोखंडी रॅक आहे.

आता ज्यांच्याकडून नकाशा काढून घेतला त्यांनी संपूर्ण मॉड्युलर सुचवलंय. १८ मिमी मरीन प्लाय, खाली ड्रॉवर, कोपऱ्यात फिरती जाळी, एका बाजूला छतापर्यंत उंच कपाट. कडाप्पा जुना झाला, आता कोणी करत नाही, असं त्यांचं म्हणणं. नकाशा दिसायला सुंदर आहे. पण त्यात सगळीकडे किलो-दोन किलोच्या काचेच्या बरण्या मांडल्यात, आणि आमच्या घरी धान्य वर्षाचं भरतात.

शाळू १०० किलो, तांदूळ ७५ किलो, तूरडाळ, हरभरा, गुळाचे पाच-पाच किलोचे रवे, डंकावरून कुटून आणलेली चटणी दोन मोठ्या बरण्यांत, वर्षाचं लोणचं, उन्हाळ्यात केलेले सांडगे, कुरडया, पापड. त्याशिवाय पितळेचे हंडे, पराती, काटवट, आणि पाहुणे आले की रस्सा करायची तीन मोठी पातेली. यातलं काही कमी करावं असं मला वाटत नाही. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि हे वर्षाचं घर त्यांच्याच हातानं लागतं. अडचण अशी की त्यांचे गुडघे धरलेत. खाली वाकवत नाही, जिना चढवत नाही आणि पाच फुटांच्या वर हात पोचत नाही.

खोली १० बाय १२ फूट, ओटा इंग्रजी एल आकाराचा, खिडकी पूर्वेला. मला विचारायचंय ते असं. मरीन प्लाय खरंच पुरात टिकतो का? नसेल तर खाली काय करावं? आणि धान्य वर नेलं तर आईंना रोजच्या कामात ते हाताशी कसं येईल? ज्यांच्या घरी पाणी येतं त्यांनी जरूर लिहा, बाकीच्यांचंही स्वागत आहे.

प्रतिसाद १

ताई, मी सांगलीवाडीचा, सुतारकाम करतो. आमच्याकडं कृष्णेचं पाणी येतं, त्यामुळं तुमचं दुखणं ओळखीचं आहे.

मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा. त्याचे तुकडे ७२ तास उकळून डिंक तपासतात, म्हणून थर सहसा सुटत नाहीत. पण कपाट म्हणजे नुसता प्लाय नव्हे. कडेच्या पट्ट्या, लॅमिनेटचा गम, स्क्रूची भोकं, बिजागऱ्या, चॅनेल हे सगळं गाळाच्या पाण्यात चार दिवस बसलं की निकामी होतं. ओट्याखाली कडाप्पाच ठेवा. उभ्या पाट्या कडाप्प्याच्या, पुढं ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं, बिजागऱ्या स्टीलच्या आणि दार उचलून काढता येईल अशा. आत ३०४ प्रतीच्या, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या स्टीलच्या जाळ्या, नुसत्या ठेवलेल्या, चॅनेलवर बसवलेल्या नकोत. पाणी वाढायला लागलं की जाळी भांड्यांसकट उचलायची आणि जिन्यानं वर.

खण जमिनीला टेकवू नका. खाली चार इंच मोकळं ठेवा आणि फरशीला मोरीच्या बाजूला उतार द्या. गाळ धुताना त्याचं मोल कळतं.

सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर त्या दाराला खालच्या बाजूला भोकं हवीतच. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो. आणि पाणी यायच्या आधी रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर वर न्या. भरलेलाही पाण्यावर तरंगतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. ओट्याखाली एकही प्लगपॉइंट घेऊ नका. फिल्टर, मिक्सर सगळ्यांचे ओट्याच्या वर, आणि स्वयंपाकघराला एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारं बटण, स्वतंत्र.

प्रतिसाद २

माझी सूचना फक्त धान्यापुरती. वर्षाचं आणि महिन्याचं वेगळं करा. वर्षाच्या पत्र्याच्या कोठ्या वरच्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं लांब, खाली लाकडी पाट. आपल्याकडं पावसात भिंतीला ओल येते, टेकवून ठेवलं की कोठीला आतून घाम फुटतो आणि पोरकिडे होतात. शाळूत कडुनिंबाचा वाळवलेला पाला, तांदळाला बोरिक पावडर लावण्यापेक्षा तमालपत्र बरं.

महिन्याला लागेल तेवढंच खाली. तुमच्या सासूबाईंसाठी ओटा आणि वरचं कपाट यांच्या मधली जागा सगळ्यात मोलाची. बहुतेक ती टाइल्स लावून रिकामी सोडतात. तिथं आठ इंच खोलीची एक उघडी फळी काढा. मीठ, चटणी, डाळी, चहा-साखर सगळं उभ्यानं हाताशी येतं. आणि ओट्याची उंची ठरवताना त्यांना उभं करून कोपर दुमडून मापा. कोपराच्या खाली पाच इंच ही भाजी चिरायची उंची. सरसकट ३४ इंच करून देतात, आमच्या आईला ते उंच झालं आणि तिचे खांदे दुखायचे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज आईंना उभं करून माप घेतलं. कोपर ३७ इंचांवर आलं, म्हणजे ओटा ३२. नकाशात ३४ होता. दोन इंचांनी त्यांना किती सोपं जाईल हे त्यांनीच लगेच सांगितलं. माझी उंची त्यांच्यापेक्षा चार इंच जास्त आहे, पण स्वयंपाकघर आधी त्यांचं आहे.

दादा, तुमचं ऐकून खाली पूर्ण कडाप्पाच ठरवला. जड पातेली, हंडे, काटवट खाली, भिजलं तरी चालणारं. उंच कपाट रद्द. वरच्या कपाटांना मरीन प्लाय वापरणार. तळ ओट्यापासून २० इंचांवर धरला तर जमिनीपासून ५२ इंच होतो, २०१९ चं पाणी तिथवर आलं नव्हतं. पहिली फळी आईंच्या हाताला येते, तिथं लोणच्याची चालू बरणी आणि पापडाचे डबे. मधली फळी तर घेणारच.

कोठ्या वर जातील. महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगा खालचे डबे भरून देईल, तसं त्यानं कबूल केलंय. पाण्याचं आमचं गणित ठरलेलं आहे. पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, पण आम्ही ३९ लाच आवरायला घेतो. जाळ्या सुट्या असल्या तर आम्ही दोघं तासाभरात खालचं सगळं वर नेऊ शकू.

आता एकच राहिलं. १२ फुटांच्या बाजूला कडाप्प्याच्या उभ्या पाट्या किती अंतरावर घ्याव्यात? वरून ग्रॅनाइट पडणार आहे आणि त्यावर पाटा-वरवंटा कायमचा राहणार, तो आम्ही रोज वापरतो. फार जवळ घेतल्या तर मोठं पातेलं आडवं जात नाही, त्याचं तोंड २२ इंचांचं आहे. गवंडी म्हणतात अडीच फूट चालेल. दादा, तुमचं मत कळवा, पुढच्या आठवड्यात दगड कापायला द्यायचाय. शाळू घरात यायच्या आत ओटा उभा राहायला हवा.